कुंतीचा तोनेर

कुंती लग्न होऊन आली तेव्हा तिला कुत्र्यांची भीती वाटायची. नंतर हे कुणाला सांगितलं तर ते हसायचे.

तिचं घर एका साखरेच्या इस्टेटीवर होतं, मॉरिशसच्या पश्चिमेला, कास्कावेल गावापासून चालत अर्ध्या तासावर. खाली ऊस आणि वर डोंगरात हरणांचं रान. थंडीत, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, दर रविवारी मालक आपल्या पाहुण्यांना घेऊन वर शिकारीला जायचा. कुत्रे हरणं उठवायचे, पाहुणे बंदुका झाडायचे. पडलेली हरणं खाली आणायला चार तट्टं ठेवली होती, कारण त्या चढणीवर जीप चढत नसे. तट्टं कुंतीचा नवरा प्रेमचंद सांभाळायचा. कुत्र्यांकडे एक म्हातारा क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, माणूस होता. तो वारला आणि आठ दिवसांत कुत्रे वाळून अर्धे झाले, कुणाच्या हातचं खाईनात. तेव्हा कुंती घाबरत घाबरत कण्यांची पेज आणि माशांची डोकी घेऊन कुंपणाशी गेली. दुसऱ्या दिवशी आत गेली. मग बावीस वर्षं झाली, ती तिथेच होती.

गावात लोक तिला ‘मादाम लिस्यें’ म्हणायचे, म्हणजे कुत्र्यांची बाई. आधी ते चिडवायला होतं. पुढे नवीन कामगार तेच नाव अदबीने घेऊ लागले. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन लॉंग माउंटनला गेल्या, सासू-सासरे गेले, पण बारा कुत्रे पहाटे तिच्या पावलाचा आवाज ओळखून उठायचे. आणि शिकारीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी मालक, सगळे त्याला मिस्ये म्हणत, तो बूट घालून कुंपणापाशी यायचा आणि तिथल्या क्रिओल बोलीत विचारायचा, “कुंती, आज कोण कोण जाणार?”

मागे बंदुकवाले पाहुणे उभे असायचे. बँकेतले, कारखान्यातले, एकदा तर एक जज्ज. कुंती एकेका कुत्र्याकडे बघायची आणि नावं घ्यायची. हा जाईल, तो जाईल, ही आज नको, हिच्या पोटात दुखतंय. मिस्ये मान डोलवायचा आणि ती म्हणेल तेच कुत्रे निघायचे. आठवड्यातली ती दहा मिनिटं कुंतीची होती. उरलेल्या आठवड्यात ती प्रेमचंदची बायको होती.

त्या बारांत तोनेर सगळ्यांत पुढचा. तोनेर म्हणजे गडगडाट. तांबडा, मोठ्या डोक्याचा, आवाज नावासारखाच. मिस्ये सोडून दुसऱ्या कुणी हात पुढे केला तर तो दात दाखवायचा. फक्त कुंतीसमोर पाठीवर लोळायचा, तेही कुणी बघत नसताना.

पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. कुंतीच्या घराचे दोन पत्रे गेले, पण तिच्या धाकट्या जावेचं, राजलक्ष्मीचं, लॉंग माउंटनचं घर सगळंच गेलं. तिचा नवरा सत्यदेव तेव्हा बोटीवर नोकरीला होता, वर्षा-दोन वर्षांनी यायचा. प्रेमचंद स्वतः जाऊन भावजयीला घेऊन आला. तिच्याजवळ एक पेटी होती आणि एक शिवणयंत्र.

“ये बाय,” कुंती म्हणाली. मनापासून म्हणाली. मागची खोली झाडून दिली, खाट घातली, पहिल्या रात्री स्वतःच्या हाताने तिच्या केसांना तेल लावलं. राजलक्ष्मी बत्तीस वर्षांची, बारीक, कमी बोलणारी. बोलायची तेव्हाही आवाज खालीच.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात बसून भिजलेले कपडे वेगळे करत होती. कुंतीने कुत्रे मोकळे सोडले होते. तोनेर तिच्याकडे निघालेला पाहून कुंती ओरडणार, तोच तो राजलक्ष्मीच्या पायांशी बसला. मग आडवा झाला. मग त्याने डोकं तिच्या पावलावर ठेवलं. राजलक्ष्मीने त्याच्याकडे पाहिलंही नाही, ती आपली साडी पिळत राहिली.

“चावत नाय ना गो, ताई?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

“नाय,” कुंती म्हणाली.

तिला वाटलं, वादळाने कुत्रा बिथरलाय. चार दिवसांत ताळ्यावर येईल.

चार दिवसांत आणखी तीन कुत्रे राजलक्ष्मीच्या खाटेखाली झोपू लागले. शिवणयंत्र सुरू झालं की ते त्या आवाजाला येऊन पसरायचे. कुंतीने सांगितलं, “कुत्र्यांना मशिनीचा आवाज सोसत नाय, मागल्या पडवीत बस.” राजलक्ष्मीने मुकाट्याने यंत्र मागे नेलं. कुत्रेही मागे गेले. कुंतीने पेजेत हरणाची चरबी घालायला सुरुवात केली. कुत्रे चाटूनपुसून खायचे, तिचे हात चाटायचे आणि मागल्या पडवीकडे जायचे.

तिने राजलक्ष्मीला शिवणाचं काम आणून द्यायला सुरुवात केली. शेजारणींचे परकर, शाळेचे युनिफॉर्म, गोणपाटसुद्धा. बाई कामात बुडाली तर कुत्र्यांकडे बघणार नाही, असा तिचा हिशेब. राजलक्ष्मी तशीही बघत नव्हती. तेच कुंतीला सोसत नव्हतं. आपण बावीस वर्षं ज्यासाठी भल्या पहाटे उठलो, मासळीचा वास अंगावर घेऊन फिरलो, ते हिला बसल्या जागी मिळावं आणि हिला त्याची किंमतही नसावी.

मग पिस्ताशची गोष्ट झाली. पिस्ताश म्हणजे भुईमूग. शेंगेच्या रंगाचं ते तट्टू होतं, सगळ्यांत ताकदवान आणि सगळ्यांत हट्टी. डोंगराच्या वाटेवर एक ओढा लागायचा, तिथे ते पाय रोवायचं. प्रेमचंदने चाबूक, गूळ, डोळ्यांवर फडकं, सगळं करून पाहिलं होतं. एक दिवस राजलक्ष्मी प्रेमचंदला दुपारची भाकरी द्यायला गेली. तिने साडी वर खोचली, दोरी हातात घेतली, गुडघाभर पाण्यात जाऊन तट्टाकडे पाठ करून उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पिस्ताशने एक पाय पाण्यात टाकला.

प्रेमचंदने ते रात्री जेवताना सांगितलं. “राजलक्ष्मीच्या हाताला गुण आहे,” तो म्हणाला आणि वरण मागितलं.

कुंतीने वरण वाढलं. बावीस वर्षांत तिच्या हाताबद्दल तो काही बोलला नव्हता. बोलायला पाहिजे असंही तिला आजवर वाटलं नव्हतं. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तिने स्वतःचे तळवे पाहिले. मग सकाळी राजलक्ष्मी पीठ मळताना तिचे पाहिले. बारीक बोटं, सुईने टोचलेली. त्यात काही वेगळं नव्हतं.

जूनमध्ये शिकार सुरू झाली. रविवारी मिस्ये आला, त्याने विचारलं, कुंतीने नावं घेतली. सगळं नेहमीसारखं झालं. पण ऑगस्टमध्ये एकदा नावं ऐकून झाल्यावर मिस्ये थांबला. कपडे वाळत घालणाऱ्या राजलक्ष्मीकडे बोट करून म्हणाला, “प्रेमचंद सांगतो, हिला जनावरांचं कळतं म्हणे.”

“शिवणकाम करते ती,” कुंती म्हणाली.

पाहुणे हसले. मिस्येही हसला. कुंतीचे कान दिवसभर तापलेले होते.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. पहाटे कुंती पेज ढवळत असताना राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात आली.

“ताई, तोनेरला आज नको पाठवू.”

“का?”

“मागला डावा पाय टेकत नाय नीट. बोटांमध्ये काटा मोडलाय वाटतं. मी बघायला गेले तर ओढून घेतला.”

कुंती कुंपणात गेली. तोनेर उठून आला, शेपटी हलवत. तिने त्याला चालवून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. पुन्हा चालवलं. आता दिसलं. वळताना अर्धं पाऊल तो पाय हवेत राहत होता, जेमतेम. राजलक्ष्मीने सांगितलं नसतं तर तिला दिसलं नसतं.

बाहेर जीपचे आवाज आले. मिस्ये आला, मागे सात-आठ पाहुणे. “कुंती, आज कोण कोण?”

राजलक्ष्मी पडवीत उभी होती. प्रेमचंद तट्टांवर खोगीर चढवत होता.

कुंतीने पहिलं नाव घेतलं ते तोनेरचं.

राजलक्ष्मी आत निघून गेली.

दुपारी अकरा कुत्र्यांपैकी दहा परत आले. प्रेमचंदने सांगितलं, तोनेरने एका मोठ्या नर हरणाला कड्याकडे दाबलं होतं. नर उलटला. एरवी तोनेर बाजूला उडी मारतो, आज मारली नाही. दोघेही पेरूच्या झाडीत खाली गेले. माणसांनी पुन्हा वर जाऊन अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मिस्ये जाताना म्हणाला, वाईट झालं, असा कुत्रा पुन्हा मिळणार नाही. कुंतीला कुणी काही विचारलं नाही. राजलक्ष्मीने तिला जेवायला वाढलं आणि कुणापाशी काही काढलं नाही. तिने सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं कुंतीला वाटलं. आता तर हिच्या गप्प राहण्याचेही उपकार.

सोमवारी उजाडताच पुरुष ऊसतोडीला गेले. कुंतीने तबेल्यातून पिस्ताशला सोडलं. तोनेरचं वजन तिला एकटीला उचलवणारं नव्हतं. मेलेला असला तरी त्याला वर रानात टाकायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. ओढ्यापर्यंत पिस्ताश आलं. तिथे थांबलं. कुंतीने ओढलं, मागून ढकललं, पाण्यात जाऊन पाठ करून उभी राहिली. थंडीने पाय बधिर झाले. पिस्ताश काठावरचं गवत खात राहिलं.

ती परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. राजलक्ष्मी यंत्रावर बसली होती.

“ते माझ्यासाठी पाण्यात येत नाय,” कुंती म्हणाली. “चल माझ्यासंगती.”

राजलक्ष्मीने कापड सुईखालून काढून घडी घातली आणि उठली.

डोंगरात दोघी तीन तास फिरल्या. कुंती हाका मारत होती, राजलक्ष्मी तट्टू धरून मागे. एका घळीच्या वर पिस्ताश थांबलं, कान खाली घळीकडे वळले आणि पुढे जाईना. कुंती झाडीला धरत खाली उतरली. तोनेर एका दगडाला टेकून पडला होता. मांडीपासून बरगडीपर्यंत फाटला होता, माश्या बसत होत्या. डोळे उघडे होते. तिला पाहून त्याने शेपटीचं टोक हलवलं.

कुंती तिथेच बसली आणि रडली. राजलक्ष्मी उतरून आली. तिने जखम पाहिली, मग डावा पाय हातात घेतला. बोटांमध्ये काळा काटा होता, नखाएवढा. तिने तो दातांनी उपटून थुंकला.

“मला दिसलं होतं,” कुंती म्हणाली. “तू सांगितलंस आणि मग मला दिसलं. तरी पाठवला.”

“ठाऊक आहे मला.”

“तू काही बोलली नाहीस.”

“काय बोलू?” राजलक्ष्मीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “माझं घर नाय. नवरा समुद्रावर. तुझ्या पडवीत राहते मी. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, हिला माझी जागा पायजे. कुत्रे येतात तर मी काय करू, ताई? दगड मारू त्यांना? माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्यास. ह्याला कशाला पाठवलास?”

दोघींनी आपापल्या साड्यांचे पदर फाडून जखम बांधली, त्याला झोळीत घालून वर ओढलं आणि पिस्ताशच्या पाठीवर आडवा बांधला. उतरताना राजलक्ष्मी दोरी धरून पुढे, कुंती बाजूने कुत्र्याचं डोकं सावरत. ओढ्यात पिस्ताश एकदाही अडलं नाही. डोकं आपल्या हातात आहे आणि दोरी तिच्या, हे कुंतीच्या मनात तेव्हाही आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

क्युरपिपहून जनावरांचा डॉक्टर आला. त्याने तीस टाके घातले. तोनेर जगला, पण मागला भाग वाकडा राहिला. धावणं संपलं.

पुढच्या रविवारी मिस्येने कुंपणापाशी येऊन नेहमीचा प्रश्न विचारला. कुंती म्हणाली, “आधी एक ऐका, मिस्ये. तोनेरचा पाय त्या दिवशी दुखत होता. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाय.”

“का?”

पाहुणे ऐकत होते. प्रेमचंदने खोगिराचा पट्टा तसाच हातात धरला.

“मला सांगायचं नव्हतं म्हणून.”

मिस्ये तिच्याकडे बघत राहिला. “बावीस वर्षं मी तुझ्या शब्दावर कुत्रे सोडले, कुंती,” तो म्हणाला. मग वळला आणि राजलक्ष्मीला हाक मारली. राजलक्ष्मीने एकदा जावेकडे पाहिलं, कुंपणाशी आली आणि सहा नावं घेतली. सहाही बरोबर होती. कुंतीला त्यांतलं एकही नाव चुकीचं ठरवता आलं नाही, आणि तिने प्रयत्न केला होता.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ते असंच चाललं. पेज कुंती शिजवायची, नावं राजलक्ष्मी घ्यायची. प्रेमचंद एकदा म्हणाला, “मिस्येला सांगून बघू का? झालं गेलं.” कुंती म्हणाली, नको. पण रविवारी त्या वेळी ती मुद्दाम विहिरीवर जायची, आणि तिथूनही तिचे कान कुंपणाशीच असायचे.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये सत्यदेव बोट सोडून कायमचा आला. त्याने क्वात्र बॉर्नला सिमेंटचं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि राजलक्ष्मीला तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी ती कुंतीजवळ आली. तोनेर तिच्या मागे लंगडत होता.

“ताई, मिस्ये म्हणाला, हा आता शिकारीचा नाय, न्यायचा तर ने. पण मी तुला विचारते.”

“नाय,” कुंती म्हणाली.

राजलक्ष्मीने पुन्हा विचारलं नाही. सकाळी वाकून पाया पडली आणि बसमध्ये चढली.

तोनेर फाटकात जाऊन बसला. पहिल्या दिवशी कुंतीने त्याचं भांडं तिथे नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यात मासे घातले, तिसऱ्या दिवशी हरणाचं काळीज. ती शेजारी बसायची, त्याची मान खाजवायची, तो तिचा हात चाटायचा. प्रेमळच होता तो. फक्त खात नव्हता. “चोवीस वर्षं मी,” ती त्याला सांगू लागली आणि थांबली, कारण त्याच्यापाशी ती चोवीस नव्हतीच, तो मुळी नऊ वर्षांचा होता. पाचव्या दिवशी तो उठताना पडला.

कुंती तबेल्यात गेली. “गाडी जुंपा,” ती प्रेमचंदला म्हणाली. “क्वात्र बॉर्नला जायचं.”

“आज? तट्टाच्या गाडीने? मोटारींच्या रस्त्याने?”

“बसमध्ये कुत्रा घेत नायत.”

पिस्ताशला जुंपून ते निघाले. चढणीवर कुंती उतरून चालली. मागे लॉऱ्या हॉर्न वाजवत होत्या, क्वात्र बॉर्नच्या बाजारात माणसं वळून बघत होती. कपड्यांच्या दुकानापुढे एका बाईने विचारलं, कुत्रा विकायचा का. कुंतीने गाडी पुढे काढायला सांगितली. तोनेर तिच्या मांडीवर डोकं ठेवून होता आणि शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने ते उचललं.

राजलक्ष्मी फाटकात आली. तोनेर गाडीतून अर्धा पडत, अर्धा उतरत तिच्याकडे गेला. कुंतीने तोंड फिरवलं नाही. सगळं बघितलं.

चहा झाला. सत्यदेव आणि प्रेमचंद पिस्ताशला पाणी पाजायला गेले. तोनेर भात खात होता, भांडं फरशीवर सरकत होतं.

“पेज पातळ कर,” कुंती म्हणाली. “मीठ घालू नको. थंडीत त्याचा पाय आखडतो, तेल कोमट करून लाव.”

“बरं.”

“तुझा हेवा केला मी. अजून करते. आत्ता पण.”

“दिसतं ते, ताई,” राजलक्ष्मी म्हणाली. “येत जा तरी.”

कुंती जात राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी, बसने, डब्यात माशांची डोकी घेऊन. तोनेर तिला पाहून अंग घुसळायचा, खायचा आणि मग जाऊन राजलक्ष्मीच्या यंत्राखाली झोपायचा. दर वेळी तिला लागायचं. इस्टेटीवर मिस्येने पुढच्या शिकारीला कुंपणापाशी येऊन, इकडेतिकडे पाहून, शेवटी तिलाच विचारलं. तिने नावं घेतली, आणि प्रत्येक कुत्र्याला आधी दोनदा चालवून पाहिलं.

ऐंशी सालच्या डिसेंबरात सत्यदेव बसने निरोप घेऊन आला. तोनेर गेला होता. कुंती लगेच निघाली. पोचेपर्यंत दुपार झाली. एवढ्या उकाड्यातही राजलक्ष्मीने त्याला पुरलं नव्हतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून लिचीच्या झाडाखाली ठेवलं होतं.

“कुठे गेला?” कुंतीने विचारलं.

“माझ्या खाटेखाली. झोपेतच.”

कुंतीला तो जुना हेवा पुन्हा वाटला. तिने तो वाटू दिला. मग पदर खोचून फावडं उचललं आणि म्हणाली, “बाजूला सर, मी खणते. तुझ्या हाताला सवय नाय.”